रोममधले पॅट्रिशियन, प्लेबियन आणि बारा फलक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एलएलबीच्या पहिल्या वर्षाचे विद्यार्थी, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे आणि नुसत्या हौसेने इतिहास वाचणारे, अशा तिघांकडूनही रोमबद्दल फिरून फिरून तेच प्रश्न येतात. ते इथे एकत्र केले आहेत. वेगळं सांगितलं नसेल तिथे सगळी वर्षं इसवी सनापूर्वीची समजावीत. म्हणजे 494 आधी आणि 287 नंतर.

1. पॅट्रिशियन कोण आणि प्लेबियन कोण?

पॅट्रिशियन म्हणजे ठराविक घराण्यांत जन्मलेले लोक: फेबियस, क्लॉडियस, कॉर्नेलियस, व्हॅलेरियस, एमिलियस अशी ही घराणी. 509 मध्ये राजाला हाकलून प्रजासत्ताक आलं असं परंपरा सांगते. त्यानंतर कॉन्सलची (दरवर्षी निवडल्या जाणाऱ्या दोन सर्वोच्च अधिकाऱ्यांची) पदं, पुरोहितपदं आणि देवांचा कौल घेण्याचा अधिकार या घराण्यांनी आपल्याकडे ठेवला. उरलेले सगळे स्वतंत्र नागरिक म्हणजे प्लेब्स. ते गुलाम नव्हते. त्यांना मत होतं, ते सैन्यात जात, कर भरत, जमिनीचे मालक होते. दोन एकर कसणारा प्लेबियन होता, आणि गडगंज जमीनदारही प्लेबियन असू शकत होता.

2. मग हा गरीब विरुद्ध श्रीमंत असाच झगडा ना?

अर्धाच. एकाच गाडीत दोन वेगळी भांडणं बसली होती. गरीब प्लेबियनला कर्जातून सुटका आणि जमीन हवी होती. श्रीमंत प्लेबियनला कॉन्सलची खुर्ची हवी होती. एकट्याने जोर लावून दोघांचंही भागत नव्हतं: श्रीमंताला गर्दी लागत होती, गरिबाला पुढारी लागत होता. दोनशे वर्षांच्या या हकिकतीत कोणती मागणी आधी पदरात पडली आणि कोणती रखडली, एवढं पाहत गेलं की बरंच काही उलगडतं. (प्रश्न 10 आणि 11 पाहा.)

3. मत होतं, तर प्लेबियनांनी आपली माणसं का निवडून आणली नाहीत?

कारण मत डोक्यागणिक मोजत नसत. कॉन्सल निवडणाऱ्या सभेचे 193 गट होते आणि प्रत्येक गटाचं एकच मत. परंपरेने सांगितलेल्या रचनेत घोडेस्वारांचे 18 आणि सगळ्यात धनाढ्य वर्गाचे 80 गट मिळून 98 होत. तिथेच बहुमत. ज्यांच्याकडे मालमत्ताच नव्हती असे हजारो लोक एका गटात कोंबलेले होते, आणि त्यांची पाळी येण्याआधीच निकाल लागलेला असे. शिवाय उमेदवारच पॅट्रिशियन असायचे. मत होतं, पण ते द्यायला माणूस नव्हता.

4. प्लेबियन शहर सोडून गेले म्हणजे नेमकं काय केलं?

संप केला असं म्हणायला हरकत नाही, फक्त तो सैनिकांचा संप होता. लिव्ही या रोमन इतिहासकाराने त्याआधीचा एक प्रसंग दिला आहे. एक म्हातारा फोरममध्ये, म्हणजे शहराच्या मुख्य चौकात, येऊन उभा राहतो: दाढी वाढलेली, अंगावर चिंध्या, पाठीवर वळ. लोक ओळखतात, हा तर सैन्यात शंभरांचा नायक होता. तो सांगतो, मी सेबाइनांशी लढत होतो तेव्हा शत्रूने माझं शेत जाळलं, गुरं नेली. त्यात कर आला, म्हणून कर्ज काढलं. व्याजात आधी वडिलोपार्जित जमीन गेली, मग बाकीचं सगळं, शेवटी अंग. सावकाराने त्याला कोंडून फटके मारले होते.

494 मध्ये सैनिकांनी हुकूम झुगारला आणि आनिओ नदीपलीकडच्या टेकडीवर, शहरापासून तीन रोमन मैलांवर, तळ ठोकला. दुसऱ्या एका परंपरेत ही टेकडी म्हणजे अॅव्हेन्टाइन. कुणाला मारलं नाही, काही जाळलं नाही. नुसते बसून राहिले. चारही बाजूंनी शत्रू असलेल्या शहराला हे पुरेसं होतं.

सिनेटने, म्हणजे उमरावांच्या सल्लागार सभेने, मेनेनियस अग्रिप्पाला पाठवलं आणि त्याने ती पोटाची गोष्ट सांगितली: पोट आयतं खातं म्हणून हातापायांनी काम थांबवलं आणि सगळं शरीरच खंगलं. शाळेत ती एकीची गोष्ट म्हणून सांगतात. मला ती नेहमी पोटाने सांगितलेली गोष्ट वाटते. टेकडीवरचे लोकही गोष्ट ऐकून उठले नाहीत. ट्रिब्यून, म्हणजे प्लेब्सचे स्वतःचे प्रतिनिधी, मिळाले तेव्हा उठले.

5. ट्रिब्यूनकडे एवढी काय ताकद होती?

त्याच्या अंगाला हात लावायचा नाही, एवढीच. प्लेब्सनी शपथ घेतली होती: जो ट्रिब्यूनला इजा करील तो देवाला वाहिलेला, त्याला कुणीही मारावं, पाप लागणार नाही. म्हणून कॉन्सलचे शिपाई एखाद्याला ओढून नेत असले तर ट्रिब्यून मध्ये येऊन उभा राहायचा आणि प्रकरण तिथे थांबायचं. याच आडवं उभं राहण्यातून नकाराधिकार आला. ‘व्हेटो’ या लॅटिन शब्दाचा अर्थ ‘मी मनाई करतो’.

सुरुवातीला ट्रिब्यून दोन होते की पाच याबद्दल प्राचीन लेखकांचं एकमत नाही; 457 पासून मात्र दहा. त्यांच्या घराचं दार रात्रंदिवस उघडं असावं असा रिवाज होता.

मर्यादा दोन. शहराच्या पहिल्या मैलाच्या दगडापलीकडे हा अधिकार चालत नसे, म्हणजे रणांगणावर कॉन्सलच मालक. आणि दहातला एक ट्रिब्यून उरलेल्या नऊ जणांना अडवू शकत असे. पॅट्रिशियनांनी ही फट फार लवकर हेरली: दहांना हरवायची गरज नाही, एक फोडला की पुरे.

6. कायदा लिहूनच का हवा होता? रूढी चालत नव्हती का?

रूढी होती, पण ती ज्यांच्या तोंडात होती तेच न्यायाला बसत. पुरोहित पॅट्रिशियन, न्यायाधीश पॅट्रिशियन. कालच्या खटल्यात एक रूढी आणि आज दुसरी सांगितली, तर दाखवायचं कुठे? परंपरेप्रमाणे 462 मध्ये तेरेन्टिलियस हार्सा या ट्रिब्यूनने कॉन्सलच्या अधिकाराला लेखी मर्यादा घालायची मागणी केली. दहा वर्षं टोलवाटोलवी झाली. 451 मध्ये बाकी सगळी पदं स्थगित करून दहा जणांचं मंडळ नेमलं, त्याने दहा फलक दिले. पुढच्या वर्षीच्या दुसऱ्या मंडळाने आणखी दोन. मधल्या काळात सोलोनचे कायदे पाहायला शिष्टमंडळ अथेन्सला गेलं, ही हकिकत बहुतेक अभ्यासक खरी मानत नाहीत.

7. बारा फलकांत होतं तरी काय? समानता?

समानता शोधायला गेलात तर निराश व्हाल. मूळ फलक नष्ट झाले. नंतरच्या लेखकांनी दिलेल्या अवतरणांवरून आज ते जुळवले जातात, त्यामुळे कलमांचा क्रमही अंदाजाचाच. सुरुवात मात्र पक्की माहीत आहे: कोर्टात बोलावलं तर जा. न गेल्यास साक्षीदार कर आणि मग धर.

पुढचा मजकूर एखाद्या गावच्या पंचांनी वर्षभरातली भांडणं लिहून काढावीत तसा आहे. शेजाऱ्याच्या रानात पडलेलं आपल्या झाडाचं फळ आपण उचलावं. रस्ता सरळ असेल तिथे आठ फूट रुंद, वळणावर सोळा. मेलेल्याला शहरात पुरू नये, जाळूही नये. बायकांनी शोकात गाल ओरबाडू नयेत. प्रेताबरोबर सोनं पुरू नये, पण दात सोन्याने बांधलेले असतील तर चालेल (हे कलम लिहिताना कुणीतरी नक्की वाद घातला असणार). बापाने मुलगा तीनदा विकला तर तो बापाच्या ताब्यातून सुटतो. अवयव तोडला आणि समेट झाला नाही तर तसाच अवयव तोडावा. स्वतंत्र माणसाचं हाड मोडलं तर 300 आस दंड, गुलामाचं मोडलं तर 150. आस हे तांब्याच्या पैशाचं एकक. किरकोळ मारहाण किंवा अपमान: 25 आस.

ही 25 ची रक्कम पुढे हास्यास्पद झाली. औलस गेलियस या पुढच्या काळातल्या रोमन लेखकाने लुसियस व्हेरेशियस नावाच्या माणसाची हकिकत दिली आहे. हा गृहस्थ रस्त्याने येणाऱ्या-जाणाऱ्याच्या थोबाडीत मारत जायचा. मागे पैशाची थैली घेतलेला गुलाम लगेच 25 आस मोजून द्यायचा. कायदा अक्षरशः पाळला जात होता!

तरी सिसेरो या रोमन वक्त्याच्या आणि राजकारण्याच्या लहानपणी, म्हणजे साडेतीनशे वर्षांनंतरही, मुलं हे फलक पाढ्यांसारखे पाठ करत.

8. कर्जदाराचे तुकडे करायची परवानगी होती हे खरं आहे का?

शब्द तसे आहेत. कर्ज कबूल झाल्यावर किंवा निकाल लागल्यावर 30 दिवसांची मुदत. त्यानंतर सावकाराने धरून न्यायाधीशापुढे न्यायचं. कुणी जामीन राहिलं नाही तर 60 दिवस बेड्या. या काळात कैद्याने स्वतःचं खाल्लं नाही तर सावकाराने रोज एक रोमन पाउंड, म्हणजे सव्वातीनशे ग्रॅमच्या आसपास, ‘फार’ द्यायचं. ‘फार’ म्हणजे आपला खपली गहू. शेवटच्या टप्प्यात तीन बाजारांच्या दिवशी त्याला चव्हाट्यावर उभं करून रक्कम पुकारायची. सोडवायला कुणी आलं नाही तर टायबर नदीपलीकडे विकायचं, आणि सावकार अनेक असतील तर ‘तुकडे करावेत, कमीजास्त झाले तरी गुन्हा नाही’.

काही अभ्यासक म्हणतात, तुकडे मालमत्तेचे. प्राचीन वाचकांनी मात्र ते शरीराचेच मानले. गेलियसच्या ग्रंथातला कायदेपंडित सांगतो की असं प्रत्यक्षात केल्याचं त्याने कधी वाचलं वा ऐकलं नाही. विकणं आणि राबवणं मात्र होतच होतं.

9. दहा जणांच्या मंडळाचं पुढे काय झालं? व्हर्जिनियाची गोष्ट खरी का?

दुसऱ्या मंडळाने मुदत संपल्यावर खुर्ची सोडली नाही. त्याचा म्होरक्या आपियस क्लॉडियस. गोष्ट अशी: त्याची व्हर्जिनिया या प्लेबियन मुलीवर नजर गेली. त्याच्या आश्रितातल्या एकाने दावा लावला की ही माझ्या गुलामाची मुलगी. न्यायाला आपियसच. माणूस स्वतंत्र की गुलाम असा वाद असेल तर निकाल लागेपर्यंत त्याला स्वतंत्र धरावं, हा नियम त्याच्याच कायद्यात होता. त्याने तोच मोडला. बापाने जवळच्या खाटकाच्या दुकानातली सुरी घेतली आणि मुलीला मारून टाकलं. सैन्य पुन्हा उठलं, मंडळ कोसळलं.

तपशील रचलेले असावेत. लिव्ही हे सगळं चारशेहून जास्त वर्षांनी लिहीत होता, आणि ल्युक्रेशियाच्या (राजपुत्राच्या अत्याचारानंतर जीव देणाऱ्या आणि त्यातून राजाची हकालपट्टी घडवणाऱ्या स्त्रीच्या) कहाणीशी या गोष्टीचं साम्य उघड दिसतं. पण रचणाऱ्याला नेमकं काय बोचत होतं ते पाहा: कायदा लिहून झाला, तरी तो वाचून दाखवणारा तोच राहिला. 449 च्या व्हॅलेरियस आणि होरेशियस या कॉन्सलांच्या कायद्यांनी ट्रिब्यूनचं संरक्षण आणि शिक्षेविरुद्ध लोकांच्या सभेकडे दाद मागण्याचा हक्क पुन्हा पक्का केला, असं परंपरा सांगते.

आणि हो, ती मुलगी. दोन्ही बाजूंच्या पुरुषांच्या भांडणात तिचं स्वतःचं एक वाक्यही लिव्हीने दिलेलं नाही.

10. आंतरवर्गीय लग्नाला बंदी होती ना? कधी उठली?

बंदी शेवटच्या दोन फलकांत होती, म्हणजे सुधारणेसाठी नेमलेल्या मंडळानेच ती लिहिली. 445 मध्ये कॅन्युलियस या ट्रिब्यूनच्या कायद्याने ती गेली. पाच वर्षांत! कर्जाने गुलाम करण्याची पद्धत जायला सव्वाशे वर्षं लागली (प्रश्न 12). विरोधकांचा मुद्दा रक्ताइतकाच शकुनांचाही होता: मिश्र संतती झाली तर देवांचा कौल घ्यायचा कुणी? कायद्यानंतर मूल बापाच्या वर्गात जाऊ लागलं.

11. 367 च्या लिसिनियस–सेक्स्टियस कायद्यांनी काय बदललं?

गायस लिसिनियस स्टोलो आणि लुसियस सेक्स्टियस हे दोघे दहा वर्षं पुन्हा पुन्हा ट्रिब्यून होत राहिले आणि तीन मागण्या रेटत राहिले. एक: भरलेलं व्याज मुद्दलातून वजा करून उरलेलं कर्ज तीन वर्षांत फेडावं. दोन: कुणीही 500 युगेरांपेक्षा जास्त जमीन, म्हणजे अंदाजे 310 एकर, ताब्यात ठेवू नये. तीन: एक कॉन्सल प्लेबियन असावा. पहिल्या दोन मागण्या लगेच द्या, तिसरी राहू द्या, असा सूर गर्दीतून निघाला होता. दोघांनी स्पष्ट सांगितलं: तिन्ही एकत्र, नाहीतर एकही नाही. प्रश्न 2 मध्ये म्हटलेली गाडी ती हीच.

सेक्स्टियस 366 साली पहिला प्लेबियन कॉन्सल झाला. त्याच वेळी न्यायदान कॉन्सलकडून काढून प्रेटर नावाच्या नव्या पदाकडे दिलं गेलं, आणि ते पॅट्रिशियनांकडे राहिलं. पहिला प्लेबियन प्रेटर 337 मध्ये.

आणि स्टोलो? 357 मध्ये त्याच्यावर खटला झाला. मुलाला कागदोपत्री स्वतंत्र करून त्याच्यासह त्याने 1,000 युगेर धरले होते. स्वतःच्याच कायद्याखाली 10,000 आस दंड. जमीनधारणेची कमाल मर्यादा आणि कुटुंबीयांच्या नावावर केलेल्या जमिनी हा विषय मराठी वाचकाला समजावून सांगायची गरज नसावी.

12. कर्जापोटी माणूस बांधून ठेवणं कधी बंद झालं?

या पद्धतीचं नाव नेक्सम: कर्जासाठी माणूस स्वतःच तारण. लिव्ही 326 साल देतो, दुसऱ्या परंपरेत 313. गायस पब्लिलियस नावाचा तरुण बापाच्या कर्जापायी सावकाराकडे होता; सावकाराने अंगचटीला जायचा प्रयत्न केला, पोराने नकार दिला, तेव्हा त्याला उघडा करून फटके मारले. तो तसाच रस्त्यावर धावत आला. पोएटेलियस–पापिरियस कायदा त्यानंतरचा: कर्जाला मालमत्ता बांधील, शरीर नाही. निकालानंतर न फेडणाऱ्याला धरून नेणं मात्र पुढेही चालू राहिलं. तेव्हा ‘कर्जासाठी कैद संपली’ असं परीक्षेत लिहू नका. आणि ही सुधारणा फक्त कळवळ्याने झाली नाही. जिंकलेल्या प्रदेशांतून गुलाम येऊ लागले होते. शेतावर राबायला आपलाच नागरिक बांधून ठेवायची गरज कमी होत होती.

13. फलक तर फोरममध्ये लावले होते. मग सामान्य माणसाला कायदा वापरता का येत नव्हता?

मला सगळ्यात आवडणारा प्रश्न. फलकावर हक्क होता; तो मागायचे शब्द आणि दिवस फलकावर नव्हते. दावा ठराविक वाक्यांतच लावावा लागे. गायस हा इसवीच्या दुसऱ्या शतकातला कायदेपंडित एक उदाहरण देतो: एकाच्या द्राक्षवेली कुणीतरी तोडल्या. त्याने कोर्टात ‘वेली’ म्हटलं आणि दावा हरला. कायद्यात शब्द ‘झाडं’ होता. ही वाक्यं पुरोहितांच्या दप्तरात होती. कोर्ट कोणत्या दिवशी चालतं हेही तेच सांगत.

304 मध्ये ग्नेयस फ्लेव्हियसने दोन्ही गोष्टी उघड केल्या. हा मुक्त झालेल्या गुलामाचा मुलगा, पेशाने लेखनिक. दाव्यांची वाक्यं प्रसिद्ध केली आणि कोर्टाचे दिवस पांढऱ्या फळ्यांवर लिहून फोरमभोवती लावले. त्याच वर्षी तो ईडाइल या पदावर निवडून आला होता. आजारी सहकाऱ्याला भेटायला गेला असता तिथे बसलेली उमराव पोरं उठली नाहीत. त्याने आपली अधिकाराची खुर्ची तिथेच मागवली आणि तीवर बसून त्यांच्याकडे पाहत राहिला.

माझ्या मते बारा फलकांचं काम 450 ला सुरू झालं आणि या फळ्यांशी येऊन पूर्ण झालं. तारखा पाठ करणाऱ्यांनी 304 विसरू नये.

14. 287 ला झगडा संपला असं पुस्तकात आहे. संपला का?

कायद्यात संपला. पुन्हा कर्जावरूनच प्लेब्स जानिक्युलम टेकडीवर निघून गेले. हुकूमशहा (संकटात थोड्या मुदतीसाठी नेमलेला सर्वाधिकारी) म्हणून नेमलेल्या क्विन्टस हॉर्टेन्शियसने कायदा केला की प्लेब्सच्या सभेचा ठराव सगळ्या रोमवर, पॅट्रिशियनांवरही, बंधनकारक. या ठरावाचं नाव ‘प्लेबिस्किटुम’. 1948 च्या जुनागढमुळे आपल्याला माहीत असलेला प्लेबिसाइट हा शब्द तिथलाच, अर्थ मात्र बदललेला. हॉर्टेन्शियसच्याच कायद्याने बाजाराच्या दिवशी कोर्ट चालू ठेवलं, म्हणजे भाजी विकायला आलेल्या शेतकऱ्याला दावाही लावता यावा. त्या काळातली ही फार समजूतदार तरतूद.

प्रत्यक्षात श्रीमंत प्लेबियन आणि पॅट्रिशियन यांची मिळून नवी उमरावशाही झाली. ट्रिब्यूनही बहुतेक तिच्यातलेच. 133 मध्ये टायबेरियस ग्राकस या ट्रिब्यूनने 500 युगेरांच्या मर्यादेचा विषय पुन्हा काढला तेव्हा त्याला अडवणारा ऑक्टेव्हियस हा दुसरा ट्रिब्यूनच होता (प्रश्न 5 मधली फट).

15. पॅट्रिशियन म्हणजे रोमचे ब्राह्मण म्हणता येईल का? डॉ. आंबेडकरांनी याबद्दल लिहिलं आहे असं ऐकलं.

सरसकट तसं म्हणू नये. अस्पृश्यता नव्हती, धंदे जन्माने ठरलेले नव्हते, आणि लग्नबंदी पाच वर्षांत गेली. पण बाबासाहेबांनी रोमकडे पाहिलं ते वेगळ्याच जागी. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी तयार केलेल्या आणि 1936 मध्ये स्वतःच छापलेल्या ‘अॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ या भाषणात त्यांचा प्रश्न असा: प्लेबियनांना आपला कॉन्सल निवडायचा हक्क होता, तरी निवडून येणारा पॅट्रिशियनांच्या मर्जीतलाच का निघायचा? त्यांचं उत्तर: धर्म. देवतेला मान्य नसलेला माणूस पदावर बसू शकत नाही ही श्रद्धा प्लेबियनांचीही होती, आणि कौल सांगणारे पॅट्रिशियन होते.

त्यांनी ग्रीसमधल्या डेल्फीच्या देवतेचा उल्लेख केला आहे. रोमच्या रोजच्या कारभारात हे काम पक्ष्यांचे शकुन आणि विजेचा गडगडाट करत. उदाहरणं हवी तेवढी आहेत. 362 मध्ये प्लेबियन कॉन्सल जेन्युशियस लढाईत पडला, तर पॅट्रिशियन म्हणाले, पाहिलंत, शकुन घेण्याचा हक्क नसलेल्याला कॉन्सल केल्याचं फळ. 327 मध्ये मार्सेलस या प्लेबियनाला हुकूमशहा नेमल्यावर शकुनवेत्त्यांनी विधीत दोष काढला. ट्रिब्यूनांनी विचारलं: नेमणूक दूर छावणीत, मध्यरात्री, शांततेत झाली, रोममध्ये बसून तुम्हाला दोष कुठून दिसला? पटण्यासारखा प्रश्न, पण नेमणूक रद्द झालीच.

300 च्या ओगुल्नियस कायद्याने पुरोहित आणि शकुनवेत्त्यांच्या मंडळांत प्लेबियन आले. तरीही 215 मध्ये, हॉर्टेन्शियसनंतर सत्तर वर्षांनी, दोन्ही कॉन्सल प्लेबियन होणार असं दिसताच गडगडाट झाला आणि निवडणुकीत दोष निघाला. दोन्ही कॉन्सल प्लेबियन असलेलं पहिलं वर्ष 172.

16. पॅट्रिशियनला ट्रिब्यून होता येत होतं का?

नाही. म्हणून ऑगस्टसने 23 मध्ये ट्रिब्यून न होता फक्त ट्रिब्यूनचे अधिकार घेतले. आडवाट एकच होती: प्लेबियन होणं. पब्लियस क्लॉडियस, आपियसच्याच कुळातला, 59 मध्ये एका प्लेबियनाला दत्तक गेला. दत्तक घेणारा बाप दत्तक मुलापेक्षा वयाने लहान होता. मुख्य पुरोहित म्हणून सीझरने विधी पार पाडला, आणि ‘बापाने’ मुलाला लगेच मोकळं केलं. क्लॉडियस ट्रिब्यून झाला आणि 58 मध्ये त्याच्या कायद्यामुळे सिसेरोला रोम सोडावं लागलं. सिसेरो जन्माने प्लेबियन होता.